लडाखच्या पानझडीचा ट्रेक : तारीख आणि उंची यांची सांगड

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे चौघं, वयं तिशी ते पन्नाशी, सह्याद्रीत नियमित फिरणारे. लडाखमध्ये पिवळ्या पानांमधून तीन-चार दिवस चालायचं आहे, सुट्टी दिवाळीची आहे. मारखा व्हॅली (लेहच्या दक्षिणेची, उंच खिंडींची) घ्यावी की शाम व्हॅली (लेहच्या पश्चिमेची, त्यामानाने खालची), आणि कुठले दिवस धरावेत?

आधी तारखेचं बोलू, कारण सगळं गणित तिथेच बिघडतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तोवर लडाखमधली पानं गळून शेतात आणि पाटात कुजायला लागलेली असतात. तुम्हाला उघडे खराटे दिसतील आणि रात्री कडाक्याची थंडी मिळेल. २०२७ ची दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे, तीसुद्धा उशिराचीच. दसरा २०२६ मध्ये २० ऑक्टोबरला येतो, तो अर्धा उपयोगाचा आहे. अर्धा का, ते खाली येईलच. रजा मागेपुढे करता येत असेल, तर ९ ते १७ ऑक्टोबर हा आठवडा मागून घ्या. झाडं सौर कालगणनेवर चालतात. दिवस किती लहान झाला आणि रात्र किती गार पडली, एवढंच ती बघतात.

मारखा की शाम, हा खरा प्रश्न नाही. लडाखमध्ये रंग डोंगरावरून खाली उतरत येतो आणि आपलं शरीर मात्र खालून वर हळूहळू चढवावं लागतं. या दोन उलट हालचाली एकमेकांना कुठे आणि कधी भेटतात, ते ठरवणं म्हणजे या ट्रेकचं नियोजन. एकदा हे लक्षात आलं की मार्ग आपोआप ठरतो.

रंगाची बाजू आधी घेतो. लडाखमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे डोंगरावर जंगल असं नाहीच. जपानचे किंवा अमेरिकेच्या ईशान्येचे फोटो डोक्यात असतील, तर ते बाजूला ठेवा. इथे डोंगर उघडा, तपकिरी-जांभळा, आणि तळाशी पाण्याच्या कडेने सोनेरी पट्टा, असं दृश्य असतं. हा पट्टा बहुतांश माणसांनी लावलेला आहे. हिमनदीचं किंवा बर्फाचं पाणी पाटाने गावात आणतात. या पाटाला तिथे युरा म्हणतात आणि पाण्याची पाळी ठरवणारा माणूस म्हणजे चुरपोन. युराच्या दोन्ही काठांवर पॉप्लर आणि विलो लावतात. पॉप्लरचा सरळ सोट घराच्या तुळईसाठी आणि विलोच्या काठ्या छपरावर अंथरण्यासाठी. जवळून पाहा : जुन्या विलोचं खोड माणसाच्या उंचीपर्यंत जाडजूड, गाठाळ असतं आणि त्याच्या डोक्यावरून सरळ, बोटाएवढ्या जाड काठ्यांचा झुबका निघतो. दर काही वर्षांनी काठ्या कापून नेल्याने झाड असं दिसतं. कोवळ्या पॉप्लरच्या बुंध्याला पत्र्याचे डबे कापून गुंडाळलेले दिसतील, गाढवांनी साल खाऊ नये म्हणून. म्हणजे प्रत्येक झाडाला मालक आहे. फोटोसाठी फांदी वाकवणं, मोडणं हे तिथे कुणाच्या तरी घराची काठी मोडण्यासारखं आहे.

पॉप्लर आणि विलो पिवळे होतात, लाल होत नाहीत. पानातलं हरितद्रव्य मोडलं की आधीपासून असलेलं पिवळं द्रव्य उघडं पडतं, एवढंच. लाल आणि शेंदरी छटा येते जर्दाळूमुळे आणि ओढ्याकाठच्या रानगुलाबाच्या झुडपांमुळे. त्यांच्या पानात थंड रात्री आणि स्वच्छ ऊन मिळालं की लाल द्रव्य नव्याने तयार होतं. जर्दाळू जितका खाली तितका जास्त. म्हणून नुसता पिवळा नको, केशरीही हवा असेल, तर ३,३०० मीटरच्या खालची गावं मार्गात असलीच पाहिजेत. शाम म्हणजे लेहच्या पश्चिमेचा, सिंधूच्या उताराकडचा भाग. जर्दाळूचा खरा मुलूख तोच. मारखाकडे वरच्या टप्प्यात जर्दाळू जवळजवळ नाहीच.

उंचीप्रमाणे रंग कसा सरकतो, याचा माझा कामचलाऊ हिशेब असा : दर ३०० ते ४०० मीटर खाली गेलं की साधारण एक आठवडा उशीर. हेमिस शुकपाचन, यांगथांग ही गावं सुमारे ३,६०० मीटरवर. तिथे ऑक्टोबरचा पहिला आणि दुसरा आठवडा. लेह ३,५०० च्या आसपास, तिथे महिन्याच्या मध्याला. तेमिसगाम, आलची ३,१०० ते ३,२०० मीटर, तिथे मध्यापासून २२-२३ तारखेपर्यंत. खालत्से आणि त्याच्या खाली सिंधूकाठी महिनाअखेरपर्यंत काहीतरी शिल्लक असतं. नुब्रा खोऱ्याचा तळ ३,१०० च्या आसपास असल्याने त्याचं वेळापत्रक तेमिसगामसारखंच. या सगळ्यात आठवडाभराची मागेपुढे नेहमी धरावी. सप्टेंबर उबदार गेला तर उशीर होतो. एखादा हिमवर्षाव किंवा दोन दिवस सोसाट्याचा वारा झाला तर पिवळं झालेलं झाड एका रात्रीत मोकळं होतं.

एकाच गावातही फरक पडतो आणि तो चालताना फार उपयोगी ठरतो. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घसरून ओढ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे ओढ्याकाठचा विलो आधी पिवळा होतो आणि पन्नास-साठ मीटर वर, दक्षिणेला तोंड करून उभ्या असलेल्या घराजवळचा पॉप्लर अजून हिरवा असतो. वर पोचलात आणि ओढ्यातली झाडं उघडी दिसली, तर नाउमेद होऊ नका, घरांच्या रांगेकडे जा. उलट सगळं हिरवं दिसलं, तर ओढ्यात उतरा.

तारीख पक्की करायची सोपी युक्ती : निघण्याच्या आधी आठ-दहा दिवस होमस्टेवाल्याला फोन करा आणि ओढ्याजवळच्या झाडांचा आजचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. ‘रंग आला का?’ एवढंच विचारलं तर कुणीही ‘हो, या’ म्हणेल. फोटोत झाड अर्धं हिरवं, अर्धं पिवळं असेल तर तुमच्या हातात साधारण आठवडा आहे. पूर्ण पिवळं असून खाली पानांचा सडा दिसत असेल, तर ठरवलेल्या गावापेक्षा एक पायरी खालचं गाव धरा.

आता शरीराची बाजू. इथे सह्याद्रीचा अनुभव कमी कामाला येतो. कळसूबाई १,६४६ मीटर. लेहचा विमानतळच सुमारे ३,२५० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. लेह शहरात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास उरतो. रोज पळणारा, दमदार माणूस इथे जास्त फसतो, कारण पाय साथ देत असतात म्हणून तो थांबत नाही. विरळ हवेचा त्रास दमसासावर अवलंबून नसतो. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. मागच्या खेपेला झाला नव्हता, म्हणून या खेपेला होणार नाही असंही नाही.

नियम सर्वमान्य आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि डोकं दुखत असताना वर सरकू नये. मारखाच्या नेहमीच्या मार्गावर पाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी ओलांडाव्या लागतात, त्यासाठी आधी लेहमध्ये निदान तीन-चार दिवस जातात. ऑक्टोबरच्या मध्यात तिथल्या वरच्या मुक्कामांवरचे चहाचे तंबूही उठलेले असतात, म्हणजे सगळं सामान स्वतःचं. वर रंग फक्त गावांजवळ आणि तोही ओसरलेला. खिंडी गाठायच्या असतील तर मारखा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तम आहे. रंगासाठी मी तो सुचवणार नाही.

शाममध्ये उलट सोय आहे : तिची सिंधूकाठची गावं लेहपेक्षा खाली आहेत. म्हणून माझा सल्ला नेहमीच्या रिवाजापेक्षा वेगळा आहे. विमान सकाळी लेहला उतरलं की तिथे मुक्काम न करता गाडीने थेट आलचीला जा, दोन तासांच्या आत पोचता. तिथे ३,१०० मीटरवर पहिल्या दोन रात्री काढा. पहिला दिवस पूर्ण विश्रांती, अगदी जिना चढतानाही हळू. दुसऱ्या दिवशी गावात आणि सिंधूच्या काठाने सपाटीवर फिरा. आल्या आल्या किमान ४८ तास विश्रांती घ्यावी असा तिथल्या प्रशासनाचाही आग्रह असतो, आणि ते ४८ तास खालच्या उंचीवर गेले तर झोप चांगली लागते.

ट्रेकची दिशाही उलटी घ्या. सगळे लिकीरहून सुरू करून तेमिसगामला संपवतात. म्हणजे पहिलीच रात्र उंचावर आणि शेवट खाली. तुम्ही तेमिसगामहून सुरू करा. तिसऱ्या दिवशी आलचीहून गाडीने तेमिसगाम, दुपारी आंग गावापर्यंत रमतगमत जाऊन परत. जर्दाळूच्या बागा इथेच सर्वांत दाट आहेत, या दुपारची घाई करू नका. चौथ्या दिवशी आंगवरून मेबताक ला चढून हेमिस शुकपाचन. तिबेटी-लडाखी भाषेत ला म्हणजे खिंड. ही सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे सहाशे मीटरची चढण. या ट्रेकमधला एकमेव खरा कस लागणारा टप्पा. चार ते पाच तास धरा. झोपायची उंची ३,२०० वरून ३,६०० च्या थोडी वर, नियमात बसते. शुकपा म्हणजे जुनिपर. गावाजवळ त्यांची जुनी राई आहे, ती पवित्र मानतात, तिथली डहाळीही तोडायची नाही. पिवळ्या विलोमागे तो काळपट हिरवा रंग फार छान उठून दिसतो. पाचव्या दिवशी त्सेरमांगचेन ला ओलांडून यांगथांग, तीन तास.

सहाव्या दिवशी दोन पर्याय. लिकीरकडचा रस्ता दोन कोरड्या खिंडींतून जातो, मोकळा आणि धुळीचा. मी रिझोंगची वाट घेईन. यांगथांगहून ओढ्याच्या घळीने खाली उतरत रिझोंग गोन्पा (बौद्ध मठ), पुढे चुलीचानवरून उलेतोकपोला महामार्ग. घळीत पाणी आहे म्हणून झाडं आहेत, उतार आहे म्हणून गुडघ्यांना त्रास पण फुप्फुसांना आराम, आणि दर तासाला उंची कमी होत असल्याने रंग ताजा होत जातो. सातव्या दिवशी लेह, आठवा दिवस राखीव, नवव्या दिवशी विमान. राखीव दिवस कापू नका. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात.

उलट्या दिशेचा आणखी एक फायदा प्रकाशाचा आहे. तेमिसगामहून तुम्ही पूर्वेकडे चालता, सकाळचं ऊन समोरून येतं. पिवळं पान समोरून आलेल्या उन्हात आतून पेटल्यासारखं दिसतं. पाठीमागून ऊन आलं की तेच पान फिकट, धुरकट वाटतं. रिझोंगची घळ दक्षिणेकडे उतरते, तिथे दुपारीही सूर्य समोरच राहतो. मात्र घळ अरुंद असल्याने ऊन उशिरा शिरतं आणि लवकर निघून जातं. यांगथांगहून साडेनऊच्या आधी निघायची गरज नाही, आणि तीनच्या आत बाहेर पडायचं. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास असला तरी डोंगराआड ऊन गेलं की पंधरा मिनिटांत गारठा जाणवतो. दुपारनंतर वारंही सुटतं, म्हणून खिंड शक्यतो बाराच्या आत ओलांडा.

पाण्यात लोक चुकतात. गावात पाणी, खिंडीत टिपूसही नाही. मेबताकच्या दिवशी माणशी तीन लिटर घेऊनच निघा. हवा इतकी कोरडी की घाम दिसत नाही, तहान उशिरा लागते, आणि पाणी कमी पडल्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते. मग ओळखायचं कसं? अर्धा-पाऊण लिटर पाणी प्या, एक पॅरासिटामॉल घ्या, तासभर बसा. उतरली तर पुढे. उतरली नाही, किंवा सोबत मळमळ, ग्लानी असेल तर त्या दिवशी तिथेच थांबा. वाढत असेल तर खाली. चालताना तोल जाणं, सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालता न येणं, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला, ही धोक्याची लक्षणं आहेत. तिथे रात्र काढायची नाही, अंधार असला तरी गाडी मागवून उतरायचं. शामची प्रत्येक मुक्कामाची जागा आता गाडीरस्त्याने जोडलेली आहे, पहिल्या खेपेसाठी ही मोठी सुरक्षितता आहे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, अशी देतात, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी, रक्तदाबाच्या किंवा इतर चालू गोळ्या हे त्यांना आवर्जून सांगा.

सामानात जाडजूड एक जॅकेट घेण्यापेक्षा थर घ्या : अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, वर वारा अडवणारं. दिवसा उन्हात १२ ते १५ अंश, रात्री शून्याच्या खाली, महिनाअखेरीस उणे पाचच्या पुढे. विसाव्याला घालायचं पफर जॅकेट वरच ठेवा. खिंडीवरून उतरताना बारीक खडी सरकते, दोन काठ्या हव्याच. गॉगल चांगल्या प्रतीचा, ओठांना मलम, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. पाण्याच्या पिशवीची नळी सकाळी गोठते, साध्या बाटल्या बऱ्या. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री पांघरुणात घ्या. होमस्टेत गाद्या-रजया मिळतात, स्वतःची चादरपिशवी पुरते. पाठीवर सात-आठ किलोच्या वर काही नको. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. थंडीत चॉकलेट दगडासारखं होतं, लाडू होत नाही.

बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या, तरी वरच्या गावांत नेटवर्क धरून चालू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा. खिंडीजवळ जुनी पायवाट आणि नवा गाडीरस्ता एकमेकांत गुंततात. संभ्रम पडला तर पायवाट धरा, ती छोटी आणि धूळ कमी. पैसे रोख, शंभर-दोनशेच्या नोटा. होमस्टे आधी फोनवर पक्के करा, कारण महिन्याच्या मध्यात घरची माणसं मळणी, चारा भरणं यात अडकलेली असतात आणि काही घरं पाहुणे घेणं थांबवतात. संडास बहुधा कोरडा असतो. त्यात पाणी ओतू नका, बाजूची माती किंवा राख फावड्याने टाका. वसंतात तेच खत शेतात जातं, पाण्याने ते सडतं.

दसऱ्याशिवाय रजाच नसेल, तर २० ऑक्टोबरनंतर वरच्या गावांचा नाद सोडा आणि मार्ग बदला. आलचीत दोन रात्री काढून तेमिसगाम-आंग एक दिवस, आणि मग खालत्सेच्या खाली डोमखर. डोमखर ही एकाच ओढ्यावरची तीन गावं आहेत : खालचं दो, मधलं बारमा, वरचं गोंगमा. रस्ता आणि पाट दोन्ही ओढ्याला धरून आहेत. खालून चालायला लागायचं आणि झाडं उघडी दिसायला लागली की मागे फिरायचं. तारखेचा अंदाज चार दिवस चुकला तरी या ओढ्यात कुठल्या ना कुठल्या उंचीवर रंग सापडतो. शिवाय मुक्काम तीन हजारांच्या आसपासच राहतो, म्हणून पन्नाशीच्या सोबत्यांनाही हा बेत सोसतो. डोमखरला होमस्टे शामच्या ट्रेकइतके मुबलक नाहीत, तेवढी एक सोय खालत्से किंवा तेमिसगामला मुक्काम ठेवून आणि गाडी ठरवून करा.